फुगडी, सावली आणि मावा: खेळातून विज्ञान शिकवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

लहान मुलांच्या विज्ञानशिक्षणाविषयी विदर्भातील खेड्यांतून आलेली पत्रे बहुतांशी एकाच अडचणीभोवती फिरतात. मुलांना हालचाल करू द्यावी, खेळू द्यावे, हे सर्वांना मान्य आहे. त्या खेळातून विज्ञान नेमके कोठून येते, हे मात्र अनेकांना स्पष्ट झालेले नाही. म्हणून या वेळी पत्रे थोडी घेतली आहेत आणि उत्तरे सविस्तर दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथीचे वर्ग दोन खोल्यांत बसतात. परिसर अभ्यासाचे पाठ मी शक्यतो खेळातून घेतो. मुले मनापासून खेळतात, परंतु दुसऱ्या दिवशी विचारले तर त्यांना खेळ आठवतो, पाठ आठवत नाही. केंद्रप्रमुख उपक्रमाचे कौतुक करून जातात, माझे मात्र समाधान होत नाही. काय कमी पडते आहे?
– एक शिक्षक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: आपले असमाधान योग्य आहे आणि ते जपून ठेवावे, असेच मी म्हणेन. मुलांना फक्त खेळ आठवत असेल, तर त्या खेळात त्यांच्यापुढे बहुधा प्रश्नच नव्हता. ‘मी ढग, तू वारा’ म्हणत अंगणभर धावणाऱ्या मुलाला काहीही शोधायचे नसते, कारण शेवटी काय व्हायचे ते गुरुजींनी आधीच ठरवलेले असते. मूल आनंदाने आपली भूमिका पार पाडते आणि मोकळे होते.

खेळातून विज्ञान म्हणून आपण जे घेतो त्यात दोन निराळे प्रकार मिसळलेले असतात. पहिल्या प्रकारात मुलाचे शरीर, किंवा त्याच्या हातातली वस्तू, स्वतःच निसर्गनियम पाळत असते: धावल्यावर छाती धडधडते, उतारावर पाय आपोआप भरभर पडतात, पोत्यावर बसलेल्या मित्राला ओढताना फरशीवर हात कमी दुखतात आणि मातीवर जास्त दुखतात. दुसऱ्या प्रकारात मुले एखाद्या न दिसणाऱ्या किंवा फार दूरच्या गोष्टीचे सोंग घेतात. कोणी ग्रह होते, कोणी पाण्याचा कण होते, कोणी रक्तातली पेशी होते. पहिल्या प्रकारात चूक की बरोबर हे प्रत्यक्ष घडण्यावरून कळते. दुसऱ्या प्रकारात ते शिक्षकांच्या तोंडून कळते. दुसरा प्रकार टाकाऊ नाही, पण वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापर्यंत पहिल्यावरच भर असावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वर्गात बहुधा प्रमाण उलटे झाले असावे.

फुगडीचेच पाहा. आपल्या शाळेतील मुलींना ती शिकवावी लागणार नाही, कारण भुलाबाईच्या दिवसांत त्या ती घरोघरी घालतात. चौथीतली एक थोराड मुलगी आणि पहिलीतली एक चिमुरडी यांना मऊ मातीवर, सावकाश फुगडी घालायला सांगावे आणि त्याआधी बाकीच्या मुलांना विचारावे: दोघींपैकी मोठे वर्तुळ कोण काढेल? पुष्कळ मुले मोठ्या मुलीचे नाव घेतील. प्रत्यक्षात जड मुलगी जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि हलकी मुलगी मोठा फेरा मारते, हे मातीवरच्या पावलांच्या खुणांवरून दिसते. नंतर सारख्या वजनाच्या दोघींना फिरू द्यावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. मग खेळलेल्या मुलींना विचारावे की वेग वाढला तेव्हा हातांना काय जाणवले. ‘ताण वाढला’, ‘हात सुटतील असे वाटले’ असे त्या सांगतील. वर्तुळात फिरत राहण्यासाठी आत ओढणारे बल लागते, हे वाक्य त्यांना आज ऐकवण्याची गरज नाही. सातवी-आठवीत ते वाक्य समोर येईल तेव्हा त्याला जोडायला त्यांच्या खांद्यांची आठवण असेल.

दुसरे साधन प्रत्येक घरात आहे: तान्ह्या पोळ्याला सजवून मिरवलेला लाकडी नंदी. सण झाला की तो वर्षभर माळ्यावर पडून राहतो. एक फळी दोन विटांवर टेकवून उतार करावा, नंदी वरून सोडून द्यावा आणि तो उतारापासून किती लांब जातो ते पावलांनी मोजावे. एकदा गुळगुळीत फरशीवर, एकदा अंगणातल्या मातीवर, एकदा पसरलेल्या पोत्यावर. चाकाच्या आखाला तेलाचे बोट लावण्याआधी आणि लावल्यानंतरही मोजावे. बंडीच्या आखाला वंगण का घालतात, याचे उत्तर मुले स्वतःच देतील. मग नंदीच्या पाठीवर दगड बांधावा आणि विचारावे की फरशीवर तो आता आधीपेक्षा लांब जाईल की जवळच थांबेल. इथे वर्गात हमखास दोन तट पडतात. ओझे दुप्पट केल्याने अंतर दुप्पटही होत नाही आणि निम्मेही होत नाही, पुष्कळदा ते आधीच्या आसपासच राहते, हे पाहून दोन्ही तट गप्प होतात आणि पुन्हा पुन्हा करून पाहू लागतात. ते पुन्हा पुन्हा करून पाहणे हाच त्या दिवसाचा पाठ आहे, त्यामुळे घाईने उत्तर सांगून तो थांबवू नये.

दोन वर्गांची अडचण इथे सोयीची ठरते. पहिली-दुसरीची मुले नंदी सोडतील आणि पावले टाकतील, तिसरी-चौथीची मुले अंदाज आणि अंतर पाटीवर मांडतील. अंदाज खेळाआधीच लिहून घ्यावा, ही एकच गोष्ट मी आग्रहाने सांगेन, कारण अंदाज लिहिलेला नसला की खेळ झाल्यावर प्रत्येकाला ‘मला माहीतच होते’ असे वाटते. आणि दुसऱ्या दिवशी ‘काल काय शिकलो?’ असे विचारू नये. ‘काल नंदी पोत्यावर अडला, आज वाळूवर सोडला तर?’ असे विचारावे. ज्याला काल काही कळले असेल, तो या प्रश्नाला कारणासह उत्तर देईल.

प्रश्न: माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले आहेत. बहुतेकांच्या घरी कोरकू बोलली जाते आणि मराठी त्यांना थोडीच समजते. एवढ्या लहान मुलांना विज्ञान म्हणजे काय शिकवायचे, आणि तेही भाषेशिवाय?
– एक अंगणवाडी सेविका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर: ताई, या वयात विज्ञान शिकवायचे नसते, त्याची सवय लावायची असते. पाहणे, दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे, ‘असे केले तर काय होईल’ म्हणून करून पाहणे, या तीन सवयी लागल्या तरी अंगणवाडीने फार मोठे काम केले असे मी मानते. भाषेची अडचण या बाबतीत आपल्याला वाटते तितकी आडवी येत नाही. घरंगळणे, तरंगणे, बुडणे, जड, हलके हे सारे मुलाच्या हाताला आधी कळते आणि शब्द मागून येतो. तो शब्द आधी कोरकूत आला तर तसाच येऊ द्यावा. मुलांकडून त्यांचा शब्द शिकून घ्यावा, तो स्वतः वापरावा आणि नंतर त्याच्या शेजारी मराठी शब्द ठेवावा. ज्या मुलाने आपला शब्द ताईंना शिकवला, ते मूल ताईंचा शब्दही लवकर उचलते.

एक खेळ सांगते, त्याला साहित्य काहीच लागत नाही. सकाळी अंगणवाडी भरताच मुलांना एकमेकांच्या सावलीवर पाय देण्याचा खेळ खेळू द्यावा. त्या वेळी सावल्या लांब असतात, त्यामुळे सावली पटकन सापडते आणि ज्याच्यावर राज्य आहे ते मूल लवकर सुटते. तोच खेळ थंडीच्या दिवसांत दुपारी घरी सोडण्याआधी पुन्हा घ्यावा. आता सावली सकाळपेक्षा पुष्कळ आखूड झालेली असते आणि ती पकडायला अधिक जवळ जावे लागते. खेळ अवघड का झाला, हे मुले बोटाने दाखवून सांगतील. बोलता आले नाही तरी चालेल. एखाद्या मुलाला उभे करून त्याच्या सावलीच्या टोकाला दगड ठेवावा आणि थोड्या थोड्या वेळाने नवा दगड ठेवत जावे. मुलाने दर वेळी त्याच जागी, तसेच उभे राहायचे, एवढाच नियम.

सावलीबद्दल आपल्याला माहीत असावी अशी एक गोष्ट आहे. डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास विदर्भात भर दुपारी सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी असते, तर मे महिन्याच्या साधारण 20 ते 26 तारखांच्या दरम्यान, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत, गावोगाव एक दिवस असा येतो की बारानंतर दहा-वीस मिनिटांनी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. जुलैत तसा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. मे महिन्यातल्या उन्हात मुलांना बाहेर काढू नये. एका मोठ्या माणसाने अंगणात काठी रोवावी आणि मुलांनी ओसरीवरून पाहावे, तेवढे पुरे आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर जे काम केले, त्याचा पाया हाच होता की शिक्षण मुलाच्या अंगणात जाऊन, तिथल्या दगडमातीच्या, पानाफुलांच्या साहित्यातून सुरू व्हावे. मेळघाटात मोहाची फुले, सागाची पाने, बांबूच्या कांड्या, नदीतले गोटे यांना तोटा नाही. पाण्याने भरलेल्या घंगाळात या वस्तू एकेक करून सोडू द्याव्यात आणि सोडण्याआधी प्रत्येकाला हाताने खूण करून अंदाज सांगू द्यावा: बुडेल तर तळवा खाली, तरंगेल तर तळवा वर. खेळ होईपर्यंत घंगाळाजवळून आपण हलू नये आणि झाल्यावर पाणी लगेच ओतून द्यावे. एक सूचना मात्र कडक आहे. पाण्याच्या किंवा वाजवण्याच्या खेळासाठी औषधाचे, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकाचे, रिकामे डबे किंवा बाटल्या कितीही धुतल्या तरी वापरू नयेत.

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. रोज कपडे मळवून येते आणि शाळेत काय केले विचारले तर खेळलो म्हणते. आम्ही मजुरीला जातो, आम्हाला घरी शिकवता येत नाही. शाळेतही खेळच होत असेल तर ती लिहायला-वाचायला केव्हा शिकणार?
– एक पालक, अकोट तालुका, जि. अकोला

उत्तर: भाऊ, आपली काळजी रास्त आहे आणि शिक्षकांना हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नुसते खेळवणारी शाळा मुलीचे नुकसान करते. पण खेळताना अंदाज लिहिला, पावले मोजली, कोण जिंकले ते पाटीवर मांडले, तर त्याच तासात लिहिणे आणि गणितही होते, आणि मुलीला कशासाठी लिहितो आहोत हे कळलेले असते. हाताने काम करीत शिकावे, हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी तो देशापुढे ठेवला आणि सेवाग्रामला त्यानुसार शाळा चालली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण प्रामुख्याने खेळातून व्हावे असे म्हटले आहे.

घरी शिकवता येत नाही, असे आपण लिहिले आहे. आज संध्याकाळी मुलीला एवढेच विचारा: ‘खेळण्याआधी तुला काय वाटले होते, आणि खरे काय झाले?’ तिला दोन्ही सांगता आले तर शाळा चांगली चालली आहे. तिला आठवडाभर काहीच सांगता आले नाही, तर पालकसभेत हाच प्रश्न शिक्षकांना विचारा.

प्रश्न: तिसरी-चौथीला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांचा खेळ घेतला. एक मूल सूर्य, एक पृथ्वी, एक चंद्र. पृथ्वीने स्वतःभोवती फिरत सूर्याभोवती फिरायचे. पृथ्वी झालेला मुलगा भोवळ येऊन पडला. नंतर विचारले तर निम्मी मुले म्हणाली की पृथ्वी सूर्याच्या मागे गेली की रात्र होते. एकाने विचारले, मग पृथ्वीला भोवळ का येत नाही? मला उत्तर देता आले नाही.
– एक शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर: पहिल्या उत्तरात ज्याला मी दुसरा प्रकार म्हटले, तो हा खेळ. सोंगाच्या खेळात मुले आपल्याला जे दाखवायचे असते त्याबरोबर बाकीचेही सगळे शिकतात. आपल्या खेळात तीन हालचाली एकाच वेळी चालू होत्या, त्यामुळे दिवसरात्रीचे कारण कोणत्या हालचालीत आहे, हे मुलांना वेगळे काढता आले नाही. त्यांनी डोळ्यांना सर्वांत ठळक दिसणारी हालचाल निवडली, म्हणजे सूर्याभोवतीची फेरी. त्यांचा तर्क त्यांच्या परीने बरोबर होता.

एका दिवशी एकच हालचाल घ्यावी. खोलीत अंधार करून मध्ये एक विजेरी किंवा कंदील ठेवावा. प्रत्येक मुलाने स्वतःचे डोके म्हणजे पृथ्वी आणि नाकाचा शेंडा म्हणजे आपले गाव समजावे. दिव्याकडे तोंड केले की गावात दुपार, पाठ केली की मध्यरात्र. आता जागच्या जागी अगदी सावकाश डावीकडे वळावे. दिवा उजव्या खांद्याकडे सरकत डोळ्यांआड होतो, तेव्हा गावात सूर्य मावळला. तसेच वळत राहिले की तो डाव्या बाजूने पुन्हा दिसू लागतो, म्हणजे उजाडले. मुलांच्या डाव्या हाताला पूर्व आणि उजव्या हाताला पश्चिम ठरते आणि दिवा पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतो, जसा खऱ्या आकाशात. दिवा तर हललाच नाही, हे मुलांच्या लक्षात येऊ द्यावे आणि थोडा वेळ काही बोलू नये. उजवीकडे वळलो तर काय होईल, हा पुढचा प्रश्न बहुधा कोणीतरी मूलच विचारेल. सूर्याभोवतीची फेरी काही आठवड्यांनी, निराळा विषय म्हणून घ्यावी. त्या वेळी पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा होतो, अशी समजूत खेळातून होऊ देऊ नये. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आर्वीत शेकोट्या पेटलेल्या असतात.

भोवळीच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाला अवश्य द्यावे, कारण वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न त्याने विचारला आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात बारीक वळणदार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण गरकन फिरून थांबलो तरी तो द्रव काही क्षण फिरत राहतो, त्यामुळे मेंदूला आपण अजून फिरतो आहोत असे वाटते. पृथ्वीला असे कान नाहीत, म्हणून तिला भोवळ नाही. आणि आपण पृथ्वीवर बसून विदर्भाच्या अक्षांशावर ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असूनही आपल्याला ती येत नाही, कारण हे फिरणे एकसारखे आहे आणि पूर्ण फेरीला सुमारे चोवीस तास लागतात; कानातल्या द्रवाला धक्का बसेल असा बदल त्यात नाही. मुलांना तीन गिरक्या घेऊन डोळे मिटून उभे राहायला सांगावे, प्रत्येकाजवळ धरायला एक सोबती द्यावा आणि किती अंक मोजेपर्यंत जग फिरते ते मोजू द्यावे. अशा रीतीने सोंगाचा खेळ पुन्हा शरीराच्या खऱ्या अनुभवावर येतो.

चौथीच्या मुलांबरोबर अंतराचाही खेळ घेता येईल. साधारण सात सेंटिमीटर जाडीचे एक संत्रे शाळेच्या फाटकात ठेवावे, तो सूर्य. त्या मापाने पृथ्वी खसखशीच्या दाण्याहूनही किंचित लहान आणि संत्र्यापासून साडेसात मीटरवर येते. चंद्र पृथ्वीपासून दोन सेंटिमीटरवर. गुरू हा हरभऱ्याच्या लहान दाण्याएवढा, 39 मीटरवर. नेपच्यूनपर्यंत चालत जायचे तर सव्वादोनशे मीटर जावे लागेल, म्हणजे बहुतेक गावांत शाळा सुटून पारापर्यंत. सर्वांत जवळचा दुसरा तारा दाखवायला दुसरे संत्रे सुमारे दोन हजार किलोमीटरवर ठेवावे लागेल. पुस्तकातल्या चित्रात ग्रहांचे आकार आणि त्यांची अंतरे एकाच मापाने काढता येत नाहीत. ती मोकळी जागा मुलांनी पायांनी चालून पाहावी.

प्रश्न: अन्नसाखळी शिकवताना वाघ, हरिण, गवत हेच उदाहरण दर वर्षी देतो. आमच्या मुलांनी वाघ पाहिलेला नाही, कपाशी मात्र रोज पाहतात. कपाशीवरून खेळ रचता येईल का?
– एक शिक्षक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: अवश्य रचता येईल, आणि तो वाघाच्या खेळापेक्षा अधिक शिकवील, कारण मुले त्याचा खरेपणा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन तपासू शकतात. राखेने जमिनीवर एक वावर आखावे. आठ-दहा मुले मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, होतील, दोन मुले तो मावा खाणारा ढालकिडा होतील, उरलेली धुऱ्यावर बसतील. मावा झालेल्यांनी बसून उड्या मारत सरकायचे आणि ढालकिड्याने लंगडी घालत त्यांना शिवायचे. वीस अंक मोजून होताच डाव थांबवावा. शिवला गेलेला मावा धुऱ्यावर जातो. वाचलेला प्रत्येक मावा धुऱ्यावरून एकाला आत बोलावतो, कारण मावा फार भराभर वाढतो. ज्या ढालकिड्याला तीन मावे मिळाले तो एक नवा ढालकिडा बोलावतो. एकही मिळाला नाही तर तो उपाशी, बाहेर. प्रत्येक डावानंतर दोन्हींची संख्या फळ्यावर लिहावी आणि पुढच्या डावात काय होईल ते विचारावे.

काही डावांनंतर शिक्षकांनी ‘फवारणी’ असे म्हणावे. सगळे ढालकिडे बाहेर. पानाखाली लपलेले दोन मावे तेवढे आत राहतात. पुढचे डाव ढालकिड्यांविना खेळावेत आणि आकडे पाहावेत. दोनाचे चार, चाराचे आठ होतात आणि त्यांना शिवायला कोणी नसते. सरसकट फवारणीनंतर मित्रकीटकही मरतात आणि मावा पुन्हा उसळतो, हे शेतात खरोखर घडते.

इथे शिक्षकांनी संयम ठेवावा. केव्हा फवारायचे, काय फवारायचे, हा घरातल्या मोठ्यांचा आणि घरच्या पैशांचा निर्णय असतो. मुलाने घरी जाऊन बापाला चूक ठरवावे, असा या खेळाचा शेवट होऊ नये. गुलाबी बोंडअळी या खेळात बसत नाही, हेही मुलांना सांगावे: ती बोंडाच्या आत असते, तिथे ढालकिडाही पोचत नाही आणि औषधही पोचत नाही. कुठला प्राणी या खेळात का बसत नाही, याचा विचार करणे हेही विज्ञानच आहे. खेळ झाल्यावर, फवारणी झालेली नाही अशी खात्री करून घेतलेल्या एखाद्या वावराच्या धुऱ्यावर मुलांना न्यावे आणि पानाच्या मागच्या बाजूला मावा आणि ढालकिडा शोधू द्यावा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या भागातील घरे विसरलेली नाहीत, म्हणून ही खात्री शिक्षकांनी स्वतः, शेतमालकाला विचारूनच करावी.

प्रश्न: माझ्या वर्गात एका मुलीला सिकलसेलचा आजार आहे आणि एका मुलाला चालताना त्रास होतो. मार्चपासून ऊनही असह्य होते. हालचालीचे खेळ घेतले तर ही दोघे बाजूला बसून राहतात. काय करावे?
– एक शिक्षिका, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर: आधी मुलीविषयी. या आजारात तांबड्या पेशी शरीरात ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना होतात. अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे, ताप, अचानक लागलेली थंडी ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. त्यामुळे तिला शर्यतीत धावायला लावू नये, उन्हात ठेवू नये, पाण्याच्या खेळानंतर ओल्या कपड्यांत बसू देऊ नये. तिची पाण्याची बाटली खेळाच्या जागेवर असावी आणि ती न मागता तिला पाणी द्यावे. या मुलांना लघवीला वारंवार जावे लागते, म्हणून तिला त्यासाठी परवानगी मागावी लागू नये. ‘दमले’ असे ती म्हणाली की तो शब्द शेवटचा मानावा. अंग दुखू लागले, ताप आला किंवा धाप लागली तर घरी पाठवून वाट न पाहता पालकांना कळवून आरोग्य केंद्रात न्यावे. किती हालचाल चालेल, हे डॉक्टरांना विचारून पालकांकडून लेखी घ्यावे. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेल्या, मुलांना सहसा असा त्रास होत नाही, त्यांना उगाच खेळातून वगळू नये. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत या आजाराची तपासणी होते. वर्गातील इतर मुलांची झाली आहे का, हे आशाताईंना विचारून ठेवावे.

उन्हाविषयी एवढेच की धावण्याचे सगळे खेळ जुलै ते फेब्रुवारीत उरकावेत आणि सकाळच्या शाळेच्या दिवसांत बसून करण्याचे खेळ घ्यावेत. हे बसून करण्याचे खेळ वर्षभर, सगळ्या वर्गासाठी असावेत, म्हणजे ती दोघे वेगळी पडणार नाहीत. मुलाला दर वेळी गुण लिहायला बसवणे हा समावेश नव्हे. अंदाज करणे आणि स्वतः करून पाहणे त्याच्या वाट्याला आलेच पाहिजे.

दोन खेळ सुचवते. आगपेटीच्या दोन खोक्यांत लांब दोरा ओवून केलेला फोन सर्वांना ठाऊक असतो. दोरा ताणलेला असताना, ढिला असताना आणि मध्येच कोणी बोटाने धरला असताना ऐकू येते का, हे मुलांना आधी सांगू द्यावे. दोऱ्याला बोट हलकेच टेकवले तर बोलणाऱ्याचा आवाज बोटाला थरथरीसारखा जाणवतो.

दुसऱ्या खेळाला एक तुराटी पुरे. दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर धरून तुराटी त्यांवर आडवी ठेवायची आणि बोटे हळूहळू जवळ आणायची. बोटे कोठूनही निघाली तरी आळीपाळीने सरकत शेवटी एकाच जागी भेटतात आणि तुराटी पडत नाही. मग तुराटीच्या एका टोकाला ओल्या मातीचा गोळा थापावा आणि बोटे आता कोठे भेटतील तिथे आधी खडूने खूण करायला सांगावे. बोटे गोळ्याच्या बाजूला सरकलेली दिसतील. चौथीच्या मुलांना आणखी विचारावे की त्या जागी तुराटी मोडली तर दोन्ही तुकड्यांचे वजन सारखे भरेल का, आणि उत्तरे घेतल्यावर तुराटी खरोखर मोडून दोन्ही तुकडे तागडीत घालावेत. गोळ्याकडचा आखूड तुकडा जड भरतो. तागडी त्या मुलाच्या हातात द्यावी.